गुलाबी चुरा

"माझ्या लेकीचा आवाज कुणीतरी बंद पाडलाय," आजी म्हणाल्या. "कुणी, ते मला शोधून द्या. बाकी काही नको."

टाचणीबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. आजी बसल्या नाहीत. दाराची चौकट धरून उभ्याच राहिल्या. चौकटीवरचा त्यांचा हात सारखा थरथरत होता.

टाचणीबाई हे काही खरं नाव नव्हे. बाई विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढत, तेव्हा सोबतच्यांनी ते पाडलं होतं. अंगाने बारीक, पाठीने ताठ आणि नेमकं दुखतं तिथे टोचणाऱ्या. पुढे नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं, तरी नाव काही सुटलं नाही. ऑफिस म्हणजे एक खोली. तिच्या खाली भाऊचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भाऊ दिवसातला निम्मा वेळ वर चहाला असे. आत्ताही होता.

"आवाज म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"लेक गेली, त्याला वर्ष होत आलं. छातीचं दुखणं होतं. आपण राहत नाही हे तिला कळलं होतं. म्हणून तिने गोष्टी सांगून ठेवल्या, कॉम्प्युटरमध्ये, तिच्या ठमीसाठी. ठमी माझी नात. रोज संध्याकाळी जेवणं झाली की एक जुनी गोष्ट ऐकते. नवी मात्र फक्त रविवारी. पुढची आधी कुणी लावायची नाही, अशी आईची ताकीद होती." आजींनी पदराने तोंड पुसलं. "काल शेवटची नवी गोष्ट होती. बटण दाबलं, तर पडदा काळाच. नुसता ओरडत होता तो डबा."

"आजी, मशीन आहे ते," भाऊ म्हणाला. "जातं कधीतरी. पॉवर सप्लाय उडाला असेल."

"शनिवारपर्यंत धडधाकट होता. जायला बरा शेवटचाच रविवार सापडला त्याला. जावयांची बहीण किती दिवस घोकतेय, हे बंद करा म्हणून. झालं आता बंद."

"पोलिसांत गेलात?"

"काय सांगू त्यांना? चोरी नाही, मारामारी नाही. एका पोरीची गोष्ट ऐकायची राहिली, एवढंच."

बाईंनी पायात चपला सरकवल्या. "भाऊ, तुझी हत्यारं घे."

खाली फ्रेमचं दुकान आणि वर राहत्या दोन खोल्या, असं ते घर होतं. दुकानाच्या भिंतींवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या. ठमीचे बाबा टेबलावर वाकून जाड पुठ्ठा कापत होते. पोलादी पट्टी दाबून धरायची आणि पातं एकदाच ओढायचं. दुसऱ्यांदा फिरवावं लागत नव्हतं.

"आई, कशाला यांना त्रास दिलात?" मान वर न करता ते म्हणाले. "नवा कॉम्प्युटर आणू आपण."

"नव्यात तिचा आवाज येणार आहे का?"

पातं थांबलं. "बाकीच्या सगळ्या पोरीला पाठ आहेत, आई. ती नावाड्याची तेवढी राहिली. एका गोष्टीने काय होतंय?"

"तुम्ही ऐकल्यात का गोष्टी?" बाईंनी विचारलं.

"नाही. मला जमत नाही ते," ते म्हणाले, आणि पट्टी पुढच्या रेघेवर ठेवली.

वरच्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटर होता. समोर एक बुटकी खुर्ची, तिच्यावर मळलेली उशी. भाऊने बटण दाबलं. आतला पंखा फिरू लागला. मग एक लांब बीप, थोडी शांतता, पुन्हा लांब बीप. पडदा काळाच.

"पॉवर ठीक आहे. ही ओरड रॅमची," भाऊ म्हणाला.

"आम्हाला कळेल असं बोल."

"रॅम म्हणजे मशीनची कामापुरती आठवण. ती सापडली नाही, की मशीन असा टाहो फोडतं आणि जागचं हलत नाही. घाबरू नका आजी, गोष्टी तिच्यात नसतात. त्या हार्ड डिस्कवर असतात, आणि तिला कुणी हात लावलेला दिसत नाही."

आजी आता कुठे खाटेच्या कडेवर टेकल्या.

"झाकणाला एकही स्क्रू नाही," बाई म्हणाल्या.

"लेकीनेच काढून ठेवले होते. जुनं मशीन, सारखं अडायचं. ती झाकण काढायची, आतली पट्टी उपसायची, खोडरबरने तिची सोनेरी कड घासायची आणि परत बसवायची. की झालं चालू. घरातल्या सगळ्यांनी बघितलंय."

"आम्हीही तेच करतो," भाऊ म्हणाला. "गिऱ्हाईकाला पाठमोरं बसून, एवढाच फरक."

त्याने रॅमची पट्टी अलगद उपसली आणि उजेडात धरली. मग डोळ्यांजवळ नेली.

"हिच्या कडेवर टेप आहे, बाई. पारदर्शक. सोनेरी कड पुरी झाकलीय. बरोबर तेवढीच. केसभर इकडेतिकडे नाही."

"म्हणून ओरडतं?"

"स्पर्शच नाही, तर मशीनला पट्टी कळणार कशी? आणि हे काय, गुलाबी गुलाबी?"

बाईंनी भिंग काढलं. टेपवर खोडरबरचा बारीक चुरा होता. एका कोपऱ्यात टेप जराशी उचकटली होती.

"टेपच्या खाली आहे का चुरा?"

भाऊने पट्टी वळवून वळवून पाहिली. "खाली काही नाही. सगळा वरच."

"बरं."

"टेप सोलतो. लगेच चालू होईल."

"नको," बाई म्हणाल्या. "आहे तशी खिशात ठेव."

आजींनी चमकून पाहिलं.

"आजी, ज्याने आज थांबवलं तो परत थांबवेल. पुढच्या खेपेला इतक्या हलक्या हाताने नाही. त्याने हे का केलं ते आधी कळू दे."

जिन्याच्या तोंडाशी भाऊ कुजबुजला, "गुलाबी खोडरबर, बाई. या घरात दप्तर एकीचंच आहे."

"मग?"

"मग काय, सरळ आहे."

"सरळ दिसलं की तुला चहा गोड लागतो," बाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीकडे वळल्या.

मागच्या खोलीत ठमीची आत्या एका खोक्यात कपडे भरत होती. टेपच्या रिळाचा तुकडा ओढायचा, दाताने तोडायचा, खोक्यावर थापायचा. तुकडे वाकडेतिकडे बसत होते.

"काकूंनी माझंच नाव घेतलं असेल," ती म्हणाली. आजींना ती काकू म्हणत असे.

"घेतलं."

"मी केलं नाही. केलं असतं तर सांगितलं असतं. ते बंद व्हावं असं मला वाटतं, आणि दादाच्या तोंडावर म्हटलंय मी तसं." तिने आणखी एक तुकडा दाताने तोडला. "पोरगी सोमवारपासून रविवारची वाट बघते. वर्गात कुणाशी बोलत नाही. शाळेतल्या बाईंनी विचारलं, तुझी मैत्रीण कोण? तर म्हणाली, ती घरी कॉम्प्युटरमध्ये असते. हे बरं आहे का, तुम्हीच सांगा."

"कॉम्प्युटर येतो तुम्हाला?"

"ऑफिसात दिवसभर दुसरं काय करते? फायली भरायच्या, फायली पुसायच्या."

"मशीन शेवटचं कधी चाललं?"

"शनिवारी संध्याकाळी. ठमीने जुनी गोष्ट ऐकली आणि मीच ते बंद केलं. रविवारी मी बाहेर होते. परत आले तर घरात रडारड."

"आणि दादा? ते गोष्टीच्या वेळी कुठे असतात?"

"गोष्ट लागली की दादा खाली. करवत इतकी जोरात चालवतो, की वर ठमी आवाज वाढवते."

"हे कपडे वहिनींचे?"

"हो. दादा ते कपाट उघडत नाही. कुणाच्या तरी अंगावर चढतील." खोक्यातून एक राखाडी स्वेटर तिने परत बाहेर काढला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि स्वतःच्या उशीखाली सारला. "हा नाही द्यायचा," ती म्हणाली. तिने बाईंकडे पाहिलं नाही.

ठमी शाळेतून आली ती तडक बुटक्या खुर्चीत जाऊन बसली. दप्तर पाठीवरच होतं. समोर काळा पडदा. बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"तू दुरुस्तीवाली आहेस?" ठमीने विचारलं.

"दुरुस्तीवाला तो. मी नुसती विचारणारी."

"काय विचारणार?"

"तुझं खोडरबर दाखवतेस?"

ठमीने दप्तरातून गुलाबी खोडरबर काढलं. एका बाजूने ते पार झिजलं होतं. "काल घासलं मी. आई घासायची तसं. बंद पडल्यावर सगळे खाली भांडत होते ना, तेव्हा." तिने खोडरबर मुठीत मिटून घेतलं. "पण चालूच नाही झालं. आई जोरात घासायची. माझ्याच्याने जोरात झालं नाही." तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं. "मी बिघडवलं का?"

"नाही. तू हात लावायच्या आधीच ते बिघडलेलं होतं. मला पक्कं ठाऊक आहे."

ठमीने मान हलवली. तिला ते पटलेलं नव्हतं.

"शेवटची गोष्ट कशाची होती गं?"

"कुणालाच माहीत नाही. आई म्हणालेली, ऐकशील तेव्हा कळेल. फायलींना नुसते नंबर आहेत. मला वाटतं हत्तीची असेल. आजी म्हणते चिमणीची."

"आणि बाबांना काय वाटतं?"

"बाबा कुठे ऐकतो?"

भाऊने दारातून बाईंना खूण केली. त्या बाहेर आल्या तसा तो म्हणाला, "झाली ना कबुली? पोरीला वाटलं असेल, शेवटची ऐकली की आई संपली. म्हणून लावली टेप."

"विचार वाईट नाही. पण तो तिचा नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना खाली दुकानात बोलाव. ठमीला थोडा वेळ अंगणात खेळू दे."

दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. आजी स्टुलावर, आत्या भिंतीला टेकून. बाबा टेबलामागे उभे होते. भाऊने रॅमची पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

"हे मुद्दाम केलेलं आहे," बाई म्हणाल्या. "पण ज्याने केलं त्याला त्या आवाजाला इजा करायची नव्हती. तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी काम झालं असतं. त्याने काय केलं? दिसणार नाही अशी टेप लावली. कधीही सोलून काढता येईल अशी."

"ठमी," आजी पुटपुटल्या. "बोलवायला आला तेव्हा भाऊ म्हणत होता..."

"भाऊ घाईत असतो. ठमीने घासलं, हे खरं. पण चुरा टेपच्या वर होता, खाली कणही नाही. म्हणजे टेप आधी लागली आणि पोरीने नंतर घासलं. ती मशीन चालू करायला धडपडत होती, आजी. आईसारखं जोरात घासता आलं नाही, म्हणून स्वतःला दोष देतेय."

बाबांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.

"मग ही?" आजींनी आत्याकडे पाहिलं.

"यांना कॉम्प्युटर येतो. गोष्टी संपवायच्या असत्या, तर सगळ्या फायली पुसून मोकळ्या झाल्या असत्या. ते कधीही करता आलं असतं. एकच गोष्ट उरेपर्यंत कशाला थांबतील? ज्याने केलं तो आजवर एकाही गोष्टीच्या आड आला नाही. फक्त शेवटच्या गोष्टीच्या आड आला. शिवाय या टेप दाताने तोडतात, आणि ही टेप पट्टी लावून पात्याने कापली आहे. आजी, तुमच्या हाताला तर सुई ओवणंसुद्धा कठीण." बाईंनी टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "अशी कड या घरात एकाच हाताची आहे."

आजींनी आणि आत्याने बाबांकडे पाहिलं. बाईही त्यांच्याकडेच वळल्या.

"तरी मी थांबले असते. हात नेटका आहे, एवढ्यावर कुणाला धरू नये. पण सकाळी तुम्ही म्हणालात, नावाड्याची तेवढी राहिली. शेवटची गोष्ट कशाची, ते ठमीला माहीत नाही, आजींना माहीत नाही. फायलीला नुसता नंबर आहे. आणि तुम्ही तर म्हणता, मी गोष्टी ऐकल्याच नाहीत."

बाबांनी ती पट्टी उचलून हातात घेतली.

"ऐकल्या नाहीतच," ते म्हणाले. "एवढीच ऐकली. ती सांगत होती तेव्हा. एरवी दार लावून ती एकटी बसायची. त्या दिवशी तिला उठवेना, म्हणून बटण दाबायला मी होतो." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "नावाडी नदीच्या मधोमध आला, आणि हिला धाप लागली. खूप वेळ. मग म्हणाली, बाकीची उद्या हं, ठमे. मला खूण केली, बंद कर. मी बंद केलं. सकाळी दवाखान्यात नेलं तिला."

आजींनी डोळे मिटून घेतले.

"पोरगी दुसऱ्या दिवशी उठून विचारणार, बाकीची कुठंय. परवा परत विचारणार. तिने सांगितलेलं उद्या मी कुठून आणून देऊ? इतर गोष्टी पुऱ्या आहेत. ही ऐकली तर तिची आई तिच्या कानादेखत जाणार. मला ते एकदाच बघायला लागलं, तेवढं पुरे आहे."

"पुसून का नाही टाकलीस, दादा?" आत्याने हळूच विचारलं.

"हात झाला नाही. तिचं शेवटचं बोलणं आहे ते."

आजी स्टुलावरून उठल्या आणि टेबलापाशी गेल्या. "मला सांगायचं होतंत, जावईबापू."

"तुम्ही तिच्या आई. कोणत्या तोंडाने सांगायचं?"

आजी आत्याकडे वळल्या. "मी तुमच्याबद्दल वाटेल ते बोलले."

"मीही मनात काही कमी बोलले नाही, काकू," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

"मला विचारलं होतं, कुणी केलं," टाचणीबाई म्हणाल्या. "ते सांगून झालं. पुढचं तुमच्या घरातलं. तुम्ही म्हणाल तर भाऊ सांगेल, मशीन कायमचं गेलं. त्याला खोटं बोलता येत नाही, पण मी शिकवीन. फक्त एक आहे. मी ठमीला सांगितलं, की ते तिने बिघडवलं नाही. तिने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. मशीन बंद राहिलं, तर आईची शेवटची गोष्ट आपल्या हाताने गेली, असं समजून ती मोठी होईल."

अंगणात ठमी एकटीच दगडावर दगड रचत बसली होती. शटरखालून तिचे पाय तेवढे दिसत होते. बाबा ते पाय बघत राहिले. मग त्यांनी नखाने टेपचा कोपरा उचलला आणि ती एका ओढीत सोलून काढली.

"ठमे," त्यांनी हाक मारली. "वर चल."

भाऊने पट्टी जागेवर दाबून बसवली. बटण दाबल्यावर पंखा फिरला. पडद्यावर उजेड आला.

"मी नव्हतं बिघडवलं?" ठमीने विचारलं.

"नाही. मी बंद केलं होतं," बाबा म्हणाले. "मला भीती वाटत होती."

"कशाची?"

"ऐक. मग सांगतो."

ठमी खुर्चीत बसली. आजी आणि आत्या खाटेवर एकमेकींना लागून बसल्या. बाबा उभे राहिले. आज ते खाली गेले नाहीत.

आवाज आला. बारीक, कोरडा, पण आतून हसरा. एक होता नावाडी. त्याची नदी एवढी मोठी, की पलीकडचा काठच दिसायचा नाही. एके दिवशी त्याच्या नावेत एक मुलगी येऊन बसली. तिला घरी जायचं होतं. नावाडी म्हणाला, कड घट्ट धरून बस, खाली वाकून बघू नकोस. मुलीने लगेच वाकून बघितलं, कारण ती अगदी आमच्या ठमीसारखी होती. नाव हळूहळू नदीच्या मधोमध आली, आणि...

मग नुसता श्वास. एक, आणखी एक. आत्याने आजींचा हात धरला.

"बाकीची उद्या हं, ठमे."

खट्ट झालं. आवाज संपला.

बाबा भिंतीला टेकले होते. ठमीकडे बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

"आईला झोप आली," ठमी म्हणाली.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "ती नेहमी मध्येच झोपायची. मग मी तिच्या अंगावर पांघरूण घालायचे."

ती वळून बाबांकडे बघू लागली. "ती मुलगी अजून नदीतच आहे, बाबा."

"हो."

"तिला थंडी वाजेल."

बाबा खुर्चीजवळ फरशीवर बसले. दाराशी भाऊ आवाज न करता हत्यारं गोळा करत होता. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"मग..." बाबा म्हणाले. "मग नावाड्याने वल्हं उचललं."

"असं नाही," ठमी म्हणाली. "आधी वारा येतो."

बाबा थांबले.

"बरं," ते म्हणाले. "आधी वारा."